किताब खेळाडूचा, हिशेब संघाचा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम संपत आला की यंदाचा ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’, म्हणजे एमव्हीपी कोण, यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात. त्यांत एक वाक्य हमखास असते : “खेळतो छान, पण त्याचा संघ आहे कुठे?” आपल्या क्रीडा पानावरही ते मी बऱ्याचदा वाचले आहे. एवढे म्हटले की वाद मिटला असे सगळे धरून चालतात. मला तो तिथे मिटलेला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

१९७५ च्या उन्हाळ्यात करीम अब्दुल-जब्बार मिलवॉकी सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे आला. त्याच्या बदल्यात लेकर्सना चार खेळाडू द्यावे लागले, साहजिकच संघ पोकळ झाला. १९७५-७६ च्या हंगामात करीमने सामन्यामागे २७.७ गुण आणि १६.९ रिबाउंड (बास्केट हुकल्यावर पकडलेले चेंडू) अशी सरासरी राखली, तरी लेकर्सच्या नावावर ४० विजय आणि ४२ पराभव लागले. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतही, जागा मिळाली नाही. आणि एमव्हीपी? करीमच. याच माणसाने पाच वर्षांपूर्वी ऑस्कर रॉबर्टसनच्या साथीने मिलवॉकीला अजिंक्यपद मिळवून दिले होते. मधल्या काळात तो खेळ विसरला होता असे कुणी म्हणणार नाही. आजूबाजूची माणसे बदलली होती, इतकेच.

तेव्हा मत कोण देत होते, हे इथे महत्त्वाचे आहे. १९८० पर्यंत एमव्हीपी कोण, हे खेळाडूच ठरवत. म्हणजे ज्यांना रात्री करीमला अडवायला उभे राहावे लागे, तेच मत देत. १९५६ साली पहिला एमव्हीपी ठरलेला बॉब पेटिट ज्या सेंट लुईस हॉक्समध्ये होता, त्या संघाचेही विजय ३३ आणि पराभव ३९ होते. १९८०-८१ पासून मतदान पत्रकारांकडे गेले, आणि तेव्हापासून पराभव जास्त असलेल्या संघातल्या एकाही खेळाडूला हा किताब मिळालेला नाही. १९८६-८७ मध्ये मायकेल जॉर्डनने सामन्यामागे ३७.१ गुण केले. त्याचे बुल्स ४० सामने जिंकले, ४२ हरले. करीमच्या लेकर्सचेच आकडे! किताब गेला ६५ सामने जिंकणाऱ्या लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनकडे. मॅजिक अपात्र होता असे मी मुळीच म्हणत नाही. पण अकरा वर्षांपूर्वी जो आकडा आड आला नाही, तो आता आड येत होता.

याला छेद देणारे उदाहरण मीच देतो, नाहीतर कुणीतरी उलट पत्र लिहील. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेनची सरासरी होती ५०.४ गुण. तरी खेळाडूंनी मते दिली बिल रसेलला, ज्याचे गुण होते १८.९ आणि ज्याच्या सेल्टिक्सने ८० पैकी ६० सामने जिंकले होते. म्हणजे खेळाडूही संघाकडेच पाहत होते की! होय, पण खरी गोम वेगळी आहे. रसेलचे मोठेपण बचावात होते आणि त्या काळी ब्लॉकची, म्हणजे बास्केटकडे मारलेला फटका अडवल्याची, अधिकृत नोंदसुद्धा ठेवली जात नव्हती. ती सुरू झाली १९७३-७४ पासून. रसेल समोर आहे म्हणून जो फटका मारलाच गेला नाही, तो कुठल्या रकान्यात लिहिणार? जे कागदावर उतरत नव्हते त्याचा एकमेव पुरावा म्हणजे सेल्टिक्सचे विजय. त्या वेळी विजयांकडे पाहणे शहाणपणाचे होते. आज चेंडूच्या प्रत्येक ताब्याची नोंद होते, एखादा खेळाडू मैदानावर असताना आणि बाकावर बसलेला असताना गुणफरक किती पडतो हे मिनिटागणिक कळते. तरीही आपण गुणतक्त्यातल्या क्रमांकावर बोट ठेवून मोकळे होतो.

बरे, दुबळा संघ हा काही खेळाडूचा दोष नसतो. उलट एनबीएच्या नियमांनीच तशी सोय केली आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तेव्हा, सर्वांत आशादायक तरुणाला निवडण्याची जास्तीत जास्त संधी तळाच्या संघांना मिळते. म्हणजे उत्तम पोराला आधी सर्वांत वाईट संघात पाठवायचे आणि मग ‘तुझा संघ हरतो’ म्हणून त्याची मते कापायची. वड्याचे तेल वांग्यावर!

हे नुसते मानापमानाचेही नाही. लीग आणि खेळाडूंच्या आताच्या करारात सात ते नऊ वर्षे खेळलेल्या खेळाडूला संघाच्या वेतनमर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंत पगार घेता येतो. एमव्हीपी किंवा वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत निवड असे काही गाठीशी असेल, तर आपल्या मूळ संघाकडून त्याला ३५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. मतदार पत्रकार सहकाऱ्यांच्या कुवतीवरून एकाचे माप काढतो, तेव्हा त्याच्या करारावरही हात फिरवत असतो. हे ओझे आपल्यावर नको, असे काही पत्रकारांनी स्वतःच म्हटले आहे.

पोकळ आकड्यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. हरणाऱ्या संघात चेंडू एकाच्याच हाती राहतो, फटके भरपूर मिळतात, निकाल लागून गेलेल्या शेवटच्या दहा मिनिटांत गुणांची रास पडते. अशा राशीला भुलू नये. पण ती रास पोकळ आहे की भरीव, हे सामने पाहून ठरते. संघाचे विजय मोजून ते कळत नाही.

संघाचे यश कसे वापरावे याचा माझ्या मते सर्वांत चांगला दाखला स्टीव्ह नॅश. तो येण्याआधी फिनिक्स सन्सने २९ सामने जिंकले होते. २००४-०५ मध्ये तो आला आणि ६२ जिंकले. पुढच्या हंगामात अमारे स्टुडमायर दुखापतीमुळे जेमतेम तीन सामने खेळला, तरी सन्स ५४ वर पोहोचले. दोन्ही वेळा एमव्हीपी नॅशच. त्याच हंगामात कोबी ब्रायंट सामन्यामागे ३५.४ गुण करत होता, एका सामन्यात तर ८१. त्याचे लेकर्स ४५ विजयांसह पश्चिम विभागात सातव्या स्थानी राहिले आणि मतदानात कोबी चौथा. मन माझे कोबीकडे ओढते, हे कबूल करतो. पण नॅशला मत देणाऱ्याने माणूस नसताना काय आणि असताना काय, हे पाहिले असेल तर माझी तक्रार नाही. कोबीला चौथे ठेवणाऱ्याने मात्र नेमके काय पाहिले, हे मला अजून समजलेले नाही.

अलीकडचेच बघा. २०२४-२५ मध्ये निकोला योकिचने हंगामभर गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखली, आणि किताब शाई गिल्जस-अलेक्झांडरला मिळाला. मलाही मत असते तर मी शाईलाच दिले असते. ते सामन्यामागच्या ३२.७ गुणांसाठी, आणि आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही टोकांना तो ज्या शांतपणे खेळला त्यासाठी. त्याच्या ओक्लाहोमा सिटीने ६८ सामने जिंकले त्यात बाकावरून उठून येणाऱ्यांचाही मोठा वाटा होता. त्यांना अजिंक्यपदाचा करंडक मिळालाच. संघासाठी तो करंडक असताना एकट्याच्या किताबातही पुन्हा संघच कशाला मोजायचा?

जाता जाता जेरी वेस्टची आठवण. १९६९ मध्ये अंतिम मालिकेच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला. सातव्या सामन्यात वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले आणि लेकर्स दोन गुणांनी हरले. पुरस्कार तरीही वेस्टला मिळाला, सोबत एक मोटारगाडी. गाडीचा रंग हिरवा, म्हणजे जिंकलेल्या सेल्टिक्सचा! वेस्टला ती डोळ्यांसमोर नको होती. त्यानंतर हरलेल्या बाजूच्या कुणालाही हा पुरस्कार मिळालेला नाही. २०१५ मध्ये लेब्रॉन जेम्सने सरासरी ३५.८ गुण करूनही अकरापैकी चारच मते त्याच्याकडे वळली. बाकीची सात जिंकलेल्या वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाला गेली, आणि त्याची मुख्य कामगिरी काय सांगितली गेली, तर त्याने लेब्रॉनला त्यातल्या त्यात आवरले.

आपला,
एक नियमित वाचक