अनोळखी फोन अडवताना

महोदय,

कापूस-सोयाबीनचे पैसे खात्यात यायच्या दिवसांत ‘केवायसी संपली’ म्हणणारा एक फोनही महागात पडतो. अँड्रॉइडवर गुगलच्या फोन ॲपमध्ये तीन ठिपके, सेटिंग, मग ‘कॉलर आयडी आणि स्पॅम’ उघडावे. तिथे दोन बटणे असतात. पहिले नंबर ओळखून दाखवते. ते खुशाल चालू ठेवा. दुसरे स्पॅम गाळते. ते चालू असले की संशयित फोन वाजतच नाही, मिस्ड कॉलची सूचनाही येत नाही. नोंद फक्त कॉलच्या यादीत राहते. जिनिंगचा व्यापारी किंवा मळणीयंत्रवाला नव्या नंबरवरून बोलावत असेल, तर वावरातून आल्यावर ती यादी पाहावीच.

बटणांच्या साध्या फोनवरून ‘स्टार्ट ०’ (START 0) असा संदेश इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडून, जाहिराती नकोत अशी नोंदणी करणाऱ्या १९०९ या नंबरला पाठवावा. जाहिरातींचे फोन थांबतात, ओटीपी येतच राहतो. मात्र दहा आकडी साध्या नंबरवरून बोलणारा ठग या नोंदणीने अडत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगा. पैसे गेलेच, तर सकाळची वाट न पाहता लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावावा.

– एक वाचक, जि. यवतमाळ