हद्दीचा मुद्दा एवढा सोपा नाही हो

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला 'देशाबाहेरचा गुन्हा' हा लेख वाचला. लेखक विद्वान असतील, वाद नाही, पण "देशाच्या हद्दीबाहेर घडलेल्या गुन्ह्याला आपला कायदा लागू होत नाही" हे वाक्य त्यांनी एवढ्या ठामपणे कुठून आणलं ते तरी सांगा. कारण हेच वाक्य मी २०१९ साली एका पोलीस ठाण्यात उभ्या उभ्या चार वेळा ऐकलंय, आणि आता तुम्हीच छापलंत म्हटल्यावर पुढच्या माणसाच्या तोंडावर कात्रण मारायलाही ते मोकळे.

मी ३१ वर्षं शिपवर काढली, शेवटची अकरा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. माझा भाचा मेसमन, म्हणजे जेवणघरातला वाढपी म्हणून लागला होता. शिपवर झेंडा पनामाचा, म्हणजे नोंदणी तिथली, मालक जपानी, मॅनेजरचं ऑफिस मुंबईत, म्हणजे नेहमीचंच. कोलंबोच्या अलीकडे भर समुद्रात गॅलीमध्ये, म्हणजे शिपच्या स्वयंपाकघरात, चीफ कुकशी वाजलं आणि त्याने याचं मनगट मोडलं. चीफ कुक कोण, तर आपलाच, भारतीय पासपोर्टवाला. पोराला कोलंबोला साइन ऑफ केलं, म्हणजे शिपवरून उतरवलं, प्लॅस्टर घालून घरी आलं, आणि मी त्याला घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार भला माणूस होता, पाणी दिलं, बसा म्हणाला, मग विचारलं घटनास्थळ काय? मी लॉगबुकातले अक्षांश रेखांश सांगितले. त्याने लिहून घेतले आणि विचारलं, जवळची खूण?

आता काय खूण सांगू, डॉल्फिन?

मग साहेब आले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, काका, पनामाच्या शिपवर झालं ना, मग पनामाला तक्रार करा, आमची हद्द नाही. आता शिपवर झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो हे मला शिकवायला नको. पण पनामाचा अधिकार आहे म्हणजे आपला संपला असं थोडंच आहे? मारणारा भारतीय नागरिक असेल तर तो चंद्रावर गेला तरी भारतीय दंड विधानाचं कलम ४ त्याच्या मागे जायचं, आणि तो भारतात जिथे सापडेल तिथेच गुन्हा घडला असं धरून चालायचं, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १८८ मध्ये लिहिलेलं होतं. आता भारतीय न्याय संहिता वगैरे आली, आकडे बदलले, नियम तोच आहे. मारणारा परदेशी असता तर माझी बोलती बंद होती, ते मान्य. हे सगळं मी वकिलाकडून लिहून नेलं तर चौथ्या खेपेला नवीन उत्तर, दिल्लीची परवानगी आणा. अहो, परवानगी खटला चालवायला लागते, तपास करायला नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय! पाचव्या खेपेला अर्जावर आवक शिक्का मिळाला. तेवढाच. तोपर्यंत चीफ कुक दुसऱ्या शिपवर चढून गेला होता. 'जिथे सापडेल तिथे' म्हणे, सापडेल कसा?

बरं, लेखात दुसरी गंमत. इटलीच्या टँकरवरच्या नौसैनिकांनी २०१२ च्या फेब्रुवारीत केरळचे दोन मच्छीमार गोळ्या घालून मारले, ते किनाऱ्यापासून "२०.५ किलोमीटरवर" असं छापलंय. सागरी मैल हो, सागरी मैल! २०.५ सागरी मैल म्हणजे जवळजवळ ३८ किलोमीटर. आपला प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनाऱ्यालगतचा आपल्या हद्दीतला पट्टा, १२ सागरी मैल, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरच्या आत. तुमच्या आकड्याने गेलं तर ती बोट प्रादेशिक समुद्राच्या आत येते आणि गुन्हा नोंदवणारे केरळ पोलीस बरोबर ठरतात, आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये केरळला अधिकार नाही, केंद्राला आहे, असं म्हटलं ते कशाला मग? एका शब्दाने अख्खी केस उलटी केलीत. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये सांगितलं की ते नौसैनिक सरकारी ड्युटीवर होते, त्यांच्यावर भारतात खटला चालणार नाही, नुकसानभरपाई घ्या. २०२१ मध्ये दहा कोटी रुपयांवर मिटलं. त्यातले दोन कोटी बोटमालकाला. त्यावर मात्र लेखात एक ओळ नाही.

आणि ते 'लोटस' प्रकरण. हे फ्रेंच जहाज भर समुद्रात तुर्की जहाजाला धडकलं होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९२७ चा निकाल, आठ तुर्की माणसं बुडाली म्हणून तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालवला तो बरोबर, हे लेखकाने आजही तसंच चालतं अशा थाटात लिहिलंय. भर समुद्रातल्या टकरीसाठी तो नियम केव्हाच गेला, आता झेंड्याचा देश नाहीतर त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा देश, तिसरा कोणी नाही. आमच्या वेळी साध्या सेकंड मेटला, म्हणजे शिपवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्यालासुद्धा हे पाठ असायचं.

भाच्याचं मनगट अजून पावसाळ्यात दुखतं, शिप सोडून आता टेम्पो चालवतो.

जाता जाता, भरती-ओहोटीच्या वेळा छापायचं तुम्ही दोन महिन्यांपासून बंद केलंय. त्या जागी राशिभविष्य डबल झालंय. इथे बंदरावर माणसं वेळा बघून होड्या काढतात, तूळ रास बघून नाही. तेवढं परत सुरू करा.

आपला,
एक निवृत्त बोसन, दापोली