बाबांचे गुडघे आणि माझी रजा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू पुढे" म्हणून विषय तिथेच मिटवला असता, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मुंबईतच करायचं आणि नंतर तीन महिने तुम्ही दोघांनी मुलुंडला आमच्याकडेच राहायचं, असं प्रशांतने आणि मी ठरवलंय. हॉस्पिटलची तारीख घेतली आहे. दादाशी बोलणं झालंय. मी ऑफिसात बिनपगारी रजाही टाकली आहे.

"नोकरी घालवून बसशील" असं लगेच म्हणू नका. चिऊच्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून आहे, त्या रजेत कामावरून काढताही येत नाही, पण ऑफिसात दहा माणसं असतील तरच. तेव्हाच्या ऑफिसात आम्ही आठच होतो, म्हणून मला ते लागू झालं नाही. आता फोर्टच्या ऑफिसात तर सातच आहोत. दुकानं-आस्थापना कायद्यातल्या किरकोळ रजा, साठवलेल्या ४५ दिवसांपर्यंतच्या भरपगारी रजा, यातलं काहीच इतक्या लहान ऑफिसला लागू होत नाही. आणि आई-वडिलांच्या आजारपणासाठी जागा राखून ठेवायची, असा कायदा खासगी नोकरीत मुळातच नाही. म्हणून या वेळी मी काही तोंडी ठेवलं नाही. शेठकडून लेटरहेडवर लिहून घेतलं: रजा कधीपासून कधीपर्यंत, परत रुजू होण्याची तारीख, तीच जागा, तोच पगार. खाली त्यांची सही आणि शिक्का. माझ्या जागी तेवढ्यापुरता एक मुलगा येतोय, त्याला आयात मालाची कस्टममधली बिल ऑफ एंट्री कशी भरायची ते मीच शिकवतेय. शेठ भला माणूस आहे, स्वतःच्या वडिलांचं त्यांनी केलेलं आहे.

दादाचं मात्र मला फार बरं वाटतं. त्याच्या कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात सहाच जण. अमेरिकेत १९९३ पासून केंद्राचा कायदा आहे, पण तो ५० माणसं असलेल्या कंपन्यांना. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदाही आधी तसाच होता. १ जानेवारी २०२१ पासून तो पाच माणसांच्या ऑफिसलाही लागू झाला. वर्षभर नोकरी आणि १,२५० तास काम झालेलं असलं की आई-वडिलांच्या गंभीर आजारपणासाठी १२ आठवडे रजा मिळते. पगाराची हमी त्यात नाही, पण परत आल्यावर तीच किंवा त्याच तोलाची जागा द्यावीच लागते, आणि मेडिकल इन्शुरन्सही चालू राहतो. त्याला कुणाच्या विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. मला शेठच्या चांगुलपणावर विसंबावं लागतंय. सात माणसांच्या ऑफिसात काम करणारीलाही आई-बाप असतात, हे आपल्याकडे कायद्यात कधी येणार? असो. ऑपरेशनच्या आठवड्यात दादा इथे असेल, तो परत गेला की मी पूर्णवेळ.

आता बाबा, तुमचं ते "मुलीच्या घरी किती दिवस राहायचं". प्रशांत म्हणाला, बाबांना सांग, दादा इथे राहत असता तर विचारलं असतं का? तुमची खोली बाथरूमला लागून आहे. कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे बसवून घेतले, मी स्वतः लोंबकळून बघितले. लिफ्ट आहे. पेपर सकाळी सहाला दारात पडतो. मेतकूट, मऊ भात, वर तूप, सगळं मिळेल. आई, तुझा देव्हारा घेऊन ये, पूर्वेची भिंत रिकामी ठेवली आहे.

२००५ च्या पुरात पाणी ओटीवर चढलं तेव्हा बाबा मला खांद्यावर घेऊन वरच्या आळीपर्यंत चालत गेले होते. मी रडत होते आणि ते मला पाढे म्हणायला लावत होते, बाराच्या पाढ्यावर अडले तर तशा पाण्यातही ओरडले. आता मोरीची चौकट धरून उठताना बघते ना बाबा, तेव्हा पोटात कालवतं.

तर ऐका. दादाने पाठवलेला फॉर्म डॉक्टरांकडून सही-तारखेसह भरून घ्या, त्याच्या ऑफिसात तो द्यावा लागतो. साखर रोज तपासा आणि वहीत लिहा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आई, बाबांना चोरून चहात साखर घालू नकोस, मला सगळं कळतं. मोत्याला शेजारच्या काकू बघतील, मी बोलले आहे.

न्यायला मीच येते. तुतारी एक्सप्रेसच्या खालच्या दोन बर्थ मिळाल्या आहेत, ठाण्याला उतरू, प्रशांत गाडी घेऊन येईल. सामान दोनच पिशव्या. तांदळाचं पोतं आणायचं नाही, इथे मिळतो.

तुमची,
मीनू