पटावरच्या आकड्यांमागची मुले मोजायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणाच्या निरनिराळ्या स्तरांवरील नोंदणीचा आमचा अहवाल नुकताच छपाईला गेला. त्यातील प्रत्येक तक्त्यावर तुम्ही घेतलेल्या कष्टांबद्दल आभार मानण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे. तुमच्याकडून आम्हाला जे समजले ते या कामातील इतरांच्याही उपयोगी पडावे, असे मनापासून वाटते.

प्राथमिक स्तराचे सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे त्या वयोगटातील दर 100 मुलांमागे पटावर असलेली कोणत्याही वयाची एकूण नावे, 100 च्या वर गेल्याचे पाहून तो आकडा 100 वरच थांबवावा, अशी सूचना बैठकीत आली होती. तेव्हा तुम्ही फळ्यावर एक कल्पित उदाहरण मांडले. प्राथमिक वयोगटात 1000 मुले आहेत आणि पटावर नावे मात्र 1100, म्हणजे सकल प्रमाण 110 टक्के. उशिरा दाखल झालेली, त्याच इयत्तेत पुन्हा बसलेली आणि वयाआधीच आलेली अशी 180 मुले वजा केली, की योग्य वयाची 920 उरतात आणि फक्त त्यांनाच मोजणारे निव्वळ प्रमाण 92 टक्के होते. वयोगटातील 1000 मधल्या बाकीच्या 80 पैकी 30 मुले माध्यमिक वर्गांत पोहोचली असतील, तर त्यांनाही धरणारे समायोजित प्रमाण 95 टक्के येते. 110 टक्क्यांच्या आड दडलेली उरलेली 50 मुले त्या दिवशी आम्हा सर्वांना प्रथमच दिसली, आणि आकडा कापण्याचा विषय तिथेच संपला.

वरच्या स्तरांची तुलना करताना युनेस्कोचे 2011 चे शैक्षणिक वर्गीकरण समोर ठेवण्याचा तुमचा आग्रहही तितकाच मोलाचा ठरला. देशोदेशीच्या इयत्तांची रचना वेगळी असल्यामुळे कनिष्ठ माध्यमिक कुठे संपते, हे ठरवल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नसतो. उच्च शिक्षणाला तर ठरावीक वयच नाही. म्हणून तेथे उच्च माध्यमिकनंतरच्या पाच वर्षांचा वयोगट छेदात घेतात. हे तक्त्याखाली स्पष्ट लिहायला तुम्ही लावलेत.

वयाची नोंद कोणत्या तारखेची, हा तुमचा प्रश्न सुरुवातीला किरकोळ वाटत होता. पण शाळा सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी पाहणी झाली, तर मधल्या काळात वाढदिवस झालेली मुले एक वर्षाने मोठी दिसतात आणि निव्वळ प्रमाण विनाकारण घसरते. छेदातील लोकसंख्या जुन्या जनगणनेवरून पुढे नेलेली असेल, तर प्रमाणात घट दिसो वा वाढ, ती शाळांमुळे आहे असे लगेच म्हणता येत नाही, हेही तुम्ही वारंवार बजावलेत. पटावर नाव असणे आणि मूल रोज वर्गात येणे यांतील अंतर अहवालात स्वतंत्रपणे नोंदवले गेले, याचे श्रेयही तुमचेच आहे.

पुढील अहवालात प्रत्येक इयत्तेची वयवार पटसंख्या देण्याचे आम्ही ठरवले आहे. त्याचा कच्चा तक्ता तयार होताच तुमच्याकडे पाठवू; वेळ काढून तो तपासून द्यावा, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
अहवाल गटातील एक सहकारी