सहाव्या क्रमांकाच्या सिनेटर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशातील भारतीय वंशाच्या पुढाऱ्यांवरच्या आपल्या लेखात लिसा सिंग यांना जेमतेम तीन ओळी मिळाल्या. त्यांतही आजोबा राम जाती सिंग फिजीच्या विधिमंडळात होते, हेच मुख्य. वंशावळ कळली, बाईंनी काय केलं ते राहिलंच.

त्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या. २००६ मध्ये मजूर पक्षातर्फे राज्याच्या विधानसभेत गेल्या, मंत्री झाल्या, २०१० मध्ये पडल्या. त्याच वर्षी सिनेटवर, म्हणजे केंद्रातल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आल्या. इथवर नेहमीचंच.

२०१६ मध्ये सिनेटर असूनही पक्षानं त्यांना सिनेटच्या उमेदवारांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर ढकललं. पक्षाच्या जागा येणार फार तर पाच. तिथल्या मतपत्रिकेवर आडवी रेघ असते. रेघेच्या वर पक्षाला मत दिलं की पक्षानं लावलेला क्रम लागू होतो. रेघेखाली मात्र एकेका उमेदवारापुढे पसंतीचे आकडे घालायचे, किमान बारा. सिंग यांच्या समर्थकांनी लोकांना रेघेखाली उतरायला सांगितलं. वीस हजारांहून अधिक मतदारांनी त्यांच्या नावापुढे १ लिहिला. त्या निवडून आल्या आणि यादीत त्यांच्या वर असलेला कामगार युनियनचा पदाधिकारी घरी बसला.

मी शिक्षक होतो. पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला दोनदा बसलोय. जांभळं स्केचपेन हातात देऊनही आपले पदवीधर आकड्याऐवजी बरोबरची खूण करतात आणि मत बाद होतं. ते गठ्ठे मी बाजूला काढलेत. म्हणून बारा आकडे न चुकता लिहिणाऱ्यांचं मला कौतुक. टास्मानियाच्या लोकांना अर्थात सवय आहे. त्यांच्या विधानसभेच्या मतपत्रिकांवर एकाच पक्षाची नावं आलटूनपालटून छापतात, त्यामुळे पक्षातला कोण हवा हे मतदारच ठरवतो.

२०१९ मध्ये पक्षानं चौथा क्रमांक दिला. या वेळी मजूर पक्षाच्या दोनच जागा आल्या नि सिंग बाहेर राहिल्या. पुढे त्या मेलबर्न विद्यापीठातल्या ऑस्ट्रेलिया इंडिया इन्स्टिट्यूटच्या प्रमुख झाल्या.

पुढच्या वेळी आजोबांची एक ओळ कमी करून ती सहाव्या क्रमांकाला द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा