तीन किलो कमी पडले

मा. अर्थमंत्री महोदया,
सादर नमस्कार.

मी नाशिकला एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. वय ४६, उंची १५५ सेंटिमीटर. वजन पुढे बऱ्याचदा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगत नाही. घरच्यांचं म्हणणं होतं की पत्र हैदराबादला, आयआरडीएआयला पाठव. पण विमा कंपन्यांवर देखरेख करणारी ती संस्था आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून थेट आपल्याला लिहिते आहे.

आमची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे अख्ख्या घराची मिळून एकच, नऊ वर्षांची आहे. एकही हप्ता चुकलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपण हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढलात, त्याचा फायदा आम्हालाही झाला. त्याबद्दल आभार, अगदी मनापासून. पण हप्ता स्वस्त झाला आणि लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेसाठी मेडिक्लेम मात्र मिळाला नाही, अशी माझी गत आहे.

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचं कलम आयआरडीएआयने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं करून दिलं. ते ‘काय मिळणार नाही’ या यादीत आहे. अटी पूर्ण झाल्या तरच त्यातून सुटका. वय किमान १८ हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. तो ३५ किंवा त्याहून जास्त पण ४० च्या आत असेल, तर सोबत चारपैकी एक आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा ‘अनियंत्रित’ टाइप २ मधुमेह. आणि वजन कमी करायचे साधे उपाय फसलेले हवेत. ही शेवटची अट ४० वाल्यांनाही आहे की फक्त ३५ वाल्यांना, हे मूळ इंग्रजी वाक्य चार वेळा वाचूनही ठरत नाही. कंपनी ती सगळ्यांनाच लावते.

सर्जनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझं वजन साडेसत्त्याण्णव किलो होतं. बीएमआय ४०.६. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.८. रुग्णालयातल्या इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, केस क्लिअर आहे, फक्त डाएटचा सहा महिन्यांचा रेकॉर्ड लागेल." मी रेकॉर्ड केला. सकाळी पाऊण तास गोदाकाठी चालले, रात्री भाकरीऐवजी मुगाचं धिरडं खाल्लं, डाएटिशियनची वही भरली. भूल देण्याआधी साखर खाली हवी म्हणून डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्शुलिन सुरू केलं, तेही घेतलं. सहा महिन्यांनी वजन ९३ किलो, साखर ७.२. सर्जन खूश. मीही.

कॅशलेसचा अर्ज गेला आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. बीएमआय ३८.७, म्हणजे ४० च्या खाली. मधुमेह आता ‘नियंत्रित’. झोपेच्या तपासणीत तासाला २७ वेळा श्वास अडखळतो असं निघालं, पण ३० पासून पुढे तीव्र, म्हणून तोही आजार मध्यम. मी रोज दोन इंजेक्शनं टोचून घेते, रात्री श्वास अडकू नये म्हणून नाकावर सीपॅप यंत्राचा मुखवटा लावून झोपते आणि कागदावर मला काहीच तीव्र झालेलं नाही. सहा महिने कागदावरची अट पाळली म्हणूनच मी कागदातून बाहेर पडले.

नकार वाचून झाल्यावर डेस्कवरचा तोच मुलगा इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "मॅडम, तीन-साडेतीन किलो वाढवून या ना." चेष्टा नव्हती ती. त्याच्यापाशी देण्यासारखा तेवढाच एक उपाय होता.

४० आणि ३५ हे आकडे १९९१ चे आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या परिषदेत ते ठरले, तिथल्या माणसांसाठी. लठ्ठपणाच्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२२ मध्येच ते मागे टाकले. आता बीएमआय ३५ असेल तर सोबत आजार असो-नसो शस्त्रक्रिया सुचवावी आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच विचार करावा, असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी तर २००९ मध्येच भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरायचं ठरवलं होतं. यामागचं कारण आमच्या महाराष्ट्रातूनच जगाला कळलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. काटा तोच, आतला माणूस वेगळा. मग विम्याचं कलम अजून युडकिन यांच्याच मापाचं का?

आणि त्या चार आजारांत गुडघे नाहीत. रक्तदाब नाही, फॅटी लिव्हर नाही. माझ्या जाऊबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या मेडिक्लेममध्ये बदलून झाल्या. वजन होतं तेवढंच आहे. गुडघ्यांना पैसे आहेत, गुडघ्यांवरच्या ओझ्याला नाहीत.

दार सैल केलं तर लोक हौसेखातर ऑपरेशनं करून घेतील, असं कंपन्या म्हणतील. स्लीव्ह सर्जरीत, म्हणजे लठ्ठपणावरच्या एका शस्त्रक्रियेत, जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढून टाकतात, तो परत येत नाही. नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एका वेळी वाटीभर जेवण. हौस म्हणून हे कोण करेल? हप्ते थोडे वाढतील, हे मात्र मला मान्य आहे. मग इन्शुलिन, डायलिसिस आणि अँजिओप्लास्टीचा खर्चही त्याच तराजूत टाकून मोजायला सांगा.

मी कंपनीकडे तक्रार केली आहे, विमा लोकपालांकडेही जाईन. पण लोकपाल झाले तरी पॉलिसीत जे छापलंय तेच वाचणार. छापलेलं बदलणं आपल्या हातात आहे. बीएमआयचे आकडे भारतीयांचे करा. ‘तीव्र’ आणि ‘अनियंत्रित’ म्हणजे नेमकं किती, ते आकड्यात लिहा आणि इन्शुलिनवर असलेल्या माणसाला ‘नियंत्रित’ म्हणून बाहेर काढू नका. सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे बीएमआय आणि साखर सर्जनच्या पहिल्या भेटीच्या दिवशीचीच धरा. एवढ्या एका ओळीने माझी केस मिटली असती.

पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये घरात तेल दहा टक्के कमी करा म्हटलं, ते आम्ही केलं. पण ९३ किलोवर आल्यावर पुढचं तेलाने होत नाही, शरीरच हटून बसतं.

खरं सांगायचं तर नकार आला त्या आठवड्यात मी डिंकाचे लाडू केले. उन्हाळ्यात. यजमानांनी काही विचारलं नाही. दोन खाल्ले आणि बाकीचे शाळेत नेऊन वाटले.

परवा तपासणीला गेले होते. काट्यावरून उतरते तोच डेस्कवरच्या मुलाने लांबूनच विचारलं, "किती?"

"त्र्याण्णव आठशे," मी म्हटलं.

"होतंय, होतंय," तो म्हणाला.

आपली,
नाशिकची एक पॉलिसीधारक