कार्डावरचे १९५२

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत संसदेच्या सभागृहांवर अर्धे पान आले आहे. त्यातली रंगीत चौकट कोणी लिहिली ते कळेल का? "१९५२ साली लोकसभा आणि राज्यसभा ही नावे देण्यात आली" असे त्यात बिनदिक्कत छापले आहे. फोटो मात्र सुरेख आला आहे, त्याबद्दल अभिनंदन.

सभागृहे १९५२ ची, नावे १९५४ ची. पहिल्या निवडणुकीनंतर १३ मे १९५२ ला जी दोन सभागृहे बसली, त्यांना 'कौन्सिल ऑफ स्टेट्स' आणि 'हाउस ऑफ द पीपल' म्हणत. लोकसभा हे नाव १४ मे १९५४ ला घेतले गेले. राज्यसभेला आणखी तीन महिने लागले. २३ ऑगस्ट १९५४ ला डॉ. राधाकृष्णन यांनी आसनावरून ते जाहीर केले. वडीलधाऱ्यांच्या सभागृहात कसली घाई! आणि हे बारसे झाले तरी जन्मदाखला जुनाच राहिला. संविधानाच्या इंग्रजी प्रतीत ७९ वे कलम काढून पाहा, आजही तिथे तीच दोन इंग्रजी नावे आहेत. गोव्याच्या वाट्याला राज्यसभेची एकच जागा, तीही घटकराज्य झाल्यावर १९८७ साली आलेली. तिच्या निवडणुकीची इंग्रजी अधिसूचना निघते तेव्हा तीत 'कौन्सिल ऑफ स्टेट्स'च असते. आपल्याच वर्तमानपत्रात ती छापून येते. जाहिरातीच्या पानावर असल्यामुळे संपादकीय विभागाच्या नजरेस पडत नसावी.

एवढ्या दोन वर्षांच्या फरकावरून म्हातारा का चिडला, असे आपल्याला वाटेल. कारण सांगतो.

१९८९ साली फोंडा तालुक्यात एका संस्थेने शाळांची प्रश्नमंजूषा ठेवली होती. (संस्थेचे नाव लिहीत नाही, तेव्हाचे लोक आता नाहीत.) मी नागरिकशास्त्र शिकवायचो. आमच्या शाळेचा नववीतला एक मुलगा शेवटच्या फेरीपर्यंत गेला. बाप पाडेली, दिवसभर माडावर. स्पर्धेच्या दिवशी तो काम टाकून आला होता आणि देवळाच्या सभामंडपात मागच्या खांबाला टेकून उभा होता, कमरेची कोयती सुद्धा काढून ठेवायची राहिली होती. गुण बरोबरीत. शेवटचा प्रश्न आला, "संसदेच्या वरच्या सभागृहाला राज्यसभा हे नाव कोणत्या साली मिळाले?" मुलगा ताडकन म्हणाला, "१९५४."

त्याला ते येणारच होते. मी वर्गात ते साल गोव्याच्या माणसाला लक्षात राहील असेच शिकवायचो. दादरा पोर्तुगिजांच्या हातून सुटले जुलै १९५४ मध्ये, नगर हवेली ऑगस्टात, आणि त्याच ऑगस्टात तिकडे दिल्लीत राज्यसभेचे बारसे. आपण तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या हाताखाली होतो, त्या दोन्ही सभागृहांत आपले कोणी नव्हते, हेही त्यातच सांगून व्हायचे. मुले हे विसरत नसत.

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी हातातले कार्ड पाहिले, घंटी वाजवली आणि म्हणाले, "चूक. १९५२." प्रश्न दुसऱ्या शाळेकडे गेला, त्यांनी अर्थातच १९५२ सांगितले. मी पुस्तक घेऊन स्टेजजवळ गेलो, पान उघडून दाखवले. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलेसुद्धा नाही. "सर, कार्डावर असेल ते बरोबर. नाहीतर स्पर्धा चालायची कशी?" पहिल्या बक्षिसाला मनगटी घड्याळ होते. आमच्या मुलाला कंपासपेटी मिळाली. घरी जाताना त्याच्या बापाने मला विचारले, "सर, भुरगो चुकलो काय?" मी नाही म्हटले. त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास माझ्यावर बसला की कार्डावर, ते मला आजवर कळलेले नाही.

तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे. बोटीवर असतो, सध्या रजेवर घरी आला आहे. काल सकाळी साडेसातला त्याचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "सर, पेपर पळयला? तें कार्ड अजून जिवें आसा!"

आता आपले उपसंपादक म्हणतील, सभागृह १९५२ चे म्हणजे नावही तेव्हाचेच धरले, त्यात काय बिघडले? मग आणखी मागेच जा की. १९१९ च्या कायद्याने दिल्लीत 'कौन्सिल ऑफ स्टेट' आलीच होती, शेवटचा 'स' तेवढा नव्हता. ज्या गोल इमारतीचा फोटो तुम्ही छापला आहे ती १९२७ साली उघडली तेव्हा तिला कौन्सिल हाउस म्हणत आणि तीत संस्थानिकांचेही वेगळे दालन होते. २०२३ पासून ती 'संविधान सदन' झाली. फोटोखाली मात्र 'संसद भवन' एवढेच!

जुने नाव जिभेवरून उतरत नाही हे मलाही ठाऊक आहे. आमचे आजोबा मुक्तीनंतरही पालिकेला मरेपर्यंत 'कामर' म्हणत. पोर्तुगालच्या संसदेचे त्या काळचे खालचे सभागृहही 'कामारा'च. त्यामुळे नावेलीचे फ्रान्सिस्को लुईस गोमिश १८६० च्या दशकात कामारात भाषणे करायचे, असे आजोबा सांगत तेव्हा ते गटारांविषयी बोलत असावेत असा माझा बरीच वर्षे समज होता. पण मी आठ वर्षांचा होतो आणि चौकटी लिहीत नव्हतो.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. त्याच पानावर ग. वा. मावळणकरांना "लोकसभेचे पहिले सभापती" म्हटले आहे. लोकसभेत अध्यक्ष असतात, सभापती राज्यसभेत. आपल्या गोव्यात विधानसभेच्या आसनावरच्या व्यक्तीला सभापती म्हणायची रीत पडली आहे, तीच सवय दिल्लीपर्यंत गेलेली दिसते. माझा सावंतवाडीचा मावसभाऊ येतो तेव्हा आपला पेपर वाचून दर वेळी विचारतो, "तुमच्याकडे विधान परिषद कधी झाली रे?" त्यांच्याकडे विधानसभेला अध्यक्ष आणि परिषदेला सभापती. पर्वरीला चाळीस आमदारांचे एकच सभागृह आहे हे त्याला पटवता पटवता चहा निवतो. एक शब्द ठरवून सगळीकडे तोच वापरायला काय हरकत आहे?

मागच्या वर्षीचे माझे पत्र आपण निम्म्याहून जास्त कापले होते आणि जे कापले त्यातच मुद्दा होता. हे पत्रही लांबले आहे, कल्पना आहे. कापायचेच असेल तर आजोबांचा मजकूर कापा, घंटी आणि कार्ड राहू द्या. दुरुस्ती छापणार असाल तर शनिवारच्या आत छापावी. मुलगा रविवारी पहाटे दाबोळीहून निघतो आणि कात्रण त्याला बरोबर न्यायचे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
म्हार्दोळ, फोंडा